प्लायवूडचा पेशंट

दातांच्या डॉक्टरांनी आपल्या गाडीच्या इंजिनात आतापर्यंत एक खुर्ची, एक एक्स-रे मशीन आणि अर्धी वेटिंग रूम घातली होती. म्हणजे या वस्तू काही इंजिनात कोंबल्या नव्हत्या. त्या घ्यायच्या म्हणून बाजूला ठेवलेले पैसे तिकडे वळले होते. पण डॉक्टरांच्या बायकोला हा फरक मान्य नव्हता. दवाखान्याचा फोन आणि अपॉइंटमेंटची वही ती सांभाळायची. एखाद्या पेशंटने ताटकळून विचारलं की दुसरी खुर्ची कधी येणार, तर ती शांतपणे सांगायची, "आली आहे ना. खाली गाडीचं बॉनेट उघडा, दिसेल."

गाडी दोन सीटची, जमिनीला चिकटून चालणारी आणि ट्रॅकवर पळवण्यासाठीच बनवलेली होती. तिच्यात रेडिओ नव्हता, एसी नव्हता, दाराला आतून हँडलही नव्हतं. त्याऐवजी एक कापडी पट्टा होता. वजन कमी व्हावं म्हणून कंपनीने या सगळ्या गोष्टी काढून टाकल्या होत्या आणि काढल्याबद्दल जास्त पैसे घेतले होते. डॉक्टरांना यात काही वावगं वाटलं नाही. काढण्याचे पैसे तेही घ्यायचेच.

दर दुसऱ्या रविवारी ते गावाबाहेरच्या ट्रॅकवर जायचे. वीस वर्षं ते दिवसाला पंधरा माणसांच्या तोंडात वाकून बघत आले होते. हेल्मेट घातलं की पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर कुणाचं तोंड उघडं नसायचं. एवढ्या एका सुखासाठी ते त्या गाडीवर जीव टाकत होते आणि ती गेली तर आपलं काय उरेल, हा विचार त्यांनी कधी पूर्ण केला नव्हता.

अडचण एकच होती. ट्रॅकच्या कँटीनमध्ये एक पांढरा फळा होता आणि त्यावर दोन मिनिटांच्या आत फेरी मारणाऱ्यांची नावं होती. टाइल्सच्या दुकानवाले दोघे भाऊ त्यावर होते. गुडघा बदललेले एक वकील होते. एक होमिओपॅथ होते, जे शहरात इतक्या हळू गाडी चालवायचे की मागचे लोक उतरून विचारपूस करायचे, पण फळ्यावर तेही होते. डॉक्टरांची फेरी दोन मिनिटं तीन सेकंदांची होती. ती कधीच बदलत नसे.

"डॉक्टर, आधी चांगले टायर घ्या," मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मिस्त्री म्हणजे इंजिनवाले. जाड चष्मा, कानावर पेन्सिल, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या गाडीकडे बघायची सवय. "मग ब्रेकचे पॅड. मग एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून दोन दिवस शिकवणी घ्या. इंजिनाला हात लावायची काही गरज नाही."

डॉक्टरांनी मन लावून ऐकलं. हे बोलणं त्यांना फार ओळखीचं वाटलं. रोज दोन वेळा घासा, दातांच्या फटीतून दोरा फिरवा, सहा महिन्यांनी दाखवायला या, असं ते स्वतः वीस वर्षं सांगत आले होते. पेशंटसुद्धा मन लावून ऐकायचे आणि तीन वर्षांनी येऊन थेट इम्प्लांटबद्दल विचारायचे.

"पटलं," डॉक्टर म्हणाले. "मग इंजिनाचं काय करू या?"

आधी कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्ट बदलला. गाडीचा आवाज इतका वाढला की खालच्या मजल्यावरच्या आजी आपणहून दात दाखवायला आल्या. त्यांना वाटलं दवाखान्यात नवं ड्रिल आलं असावं. फेरी दोन मिनिटं तीन सेकंद. मग पिस्टन आले, मजबूत, चकचकीत, पोटच्या पोरांपेक्षा जास्त लाडात ठेवावेत असे. फेरी दोन मिनिटं तीन सेकंद. मग इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला. गाडी रोलरवर चढवून मोजली तेव्हा ताकद दीडपट भरली आणि मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

फेरी दोन मिनिटं चार सेकंद.

"एक सेकंद वाढला," डॉक्टर म्हणाले.

"टर्बोला वजन असतं," मिस्त्री म्हणाले. हे त्यांनी केवळ डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. डॉक्टरसुद्धा 'अजिबात दुखणार नाही' याच आवाजात सांगायचे, त्यामुळे त्यांनी तो लगेच ओळखला.

त्या संध्याकाळी बायकोने वही मिटली. "हंगामाचा शेवटचा रविवार कधी आहे?"

"आठ आठवड्यांनी."

"तोपर्यंत दोन मिनिटांच्या आत आलास तर गाडी ठेव. मी तिच्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही आलास तर गाडी विकायची आणि खुर्ची घ्यायची. कबूल?"

"कबूल," डॉक्टर म्हणाले. खरं तर ते आणखी काही म्हणणार होते, पण ती तोवर दिवे बंद करत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना फोन केला आणि आणखी मोठा टर्बो मिळेल का विचारलं. मिस्त्री म्हणाले, "आधी मोजू या." त्यांनी गाडीत एक रेकॉर्डर बसवला. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे आणि चालवणाऱ्याचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती दाबलेला आहे, हे सगळं तो दर क्षणाला टिपून ठेवायचा. पुढच्या ट्रॅकच्या दिवसानंतर मिस्त्रींनी डॉक्टरांना गॅरेजमध्ये बोलावून एका खोक्यावर बसवलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

"ही रेघ म्हणजे तुमचा पाय. वर आहे तेव्हा दाबलेला, खाली आली की काढलेला. आता इथे बघा, पाचवं वळण."

रेघ पाचव्या वळणावर विहिरीत पडावी तशी पडली होती.

"हे मी नाही," डॉक्टर म्हणाले.

"गाडीत दुसरं कोणी नव्हतं. दर फेरीला सव्वा सेकंद पाय पूर्ण उचलता तुम्ही, आणि तोही त्याच जागी. मी सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून बघितल्या, तीन मीटरचासुद्धा फरक नाही. पाचवं वळण पाय न काढता जायचं असतं, कारण पुढे लांबच लांब सरळ रस्ता आहे. इथे वेग गेला की तो रस्ताभर मिळत नाही. आणि टर्बोचं असं असतं की एकदा पाय काढला की त्याला पुन्हा श्वास भरायला वेळ लागतो. मोठा टर्बो असला तर जास्तच. म्हणून तो बसवल्यावर तुम्ही आणखी हळू झालात."

"आणि पाय काढला नसता तर?"

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा ठेवली. "तर कंपनीच्या मूळ इंजिनावर एक अठ्ठावन्न झालं असतं."

गॅरेजमध्ये कुठेतरी तेल ठिबकत होतं. डॉक्टरांनी मनातल्या मनात खुर्ची, एक्स-रे मशीन आणि अर्धी वेटिंग रूम पुन्हा जागच्या जागी मांडून पाहिली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. टायर घ्या म्हटलं होतं."

"टायरने काय झालं असतं?"

"काहीच झालं नसतं," मिस्त्री म्हणाले. "पण ते स्वस्तात पडलं असतं."

पाचव्या वळणावर असं काय आहे ते बघायला दोघे बुधवारी दुपारी ट्रॅकवर पायी गेले. ट्रॅक रिकामा होता. डॉक्टर गाडीच्या रेषेत चालत वळणापर्यंत आले आणि थांबले. समोर कुंपणाला लागून एका इंजिन ऑइलच्या जाहिरातीचा माणूस उभा होता. दोन पुरुष उंच, प्लायवूडचा. कंपनीला तो आनंदात दाखवायचा होता, म्हणून तो जबडा पसरून हसत होता. आणि त्याचा डावा हात वर होता.

 मिस्त्रींनी खाली बघितलं. डॉक्टरांच्या उजव्या पायाची टाच जमिनीवर होती आणि बुटाचा पुढचा भाग हलकेच वर उचलला गेला होता.

"डॉक्टर, तुमचा पाय."

"हो," डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात खुर्चीसमोरच्या भिंतीवर एकच पाटी होती: 'दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबेन.' दातांचं ड्रिल पायाखालच्या पेडलवर चालतं. उजव्या पायाने दाबलं की फिरतं, पाय उचलला की बंद. वीस वर्षं रोज पंधरा उघडी तोंडं समोर यायची आणि हात वर गेला की पाय सुटायचा. आता हे डॉक्टरांच्या डोक्यापर्यंत जातच नव्हतं. डोळा आणि पाय यांनी आपसात मिटवून टाकलं होतं. गावातले सगळे भित्रे लोक त्यांच्याकडेच यायचे ते काही त्यांच्या हातासाठी नाही. या पायासाठी यायचे.

"त्याला दुखतंय असं वाटतं तुम्हाला?" मिस्त्रींनी प्लायवूडकडे बघत विचारलं.

"वरची डावी दाढ," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना आपणच काय बोललो ते ऐकू आलं आणि ते गाडीकडे निघाले.

ट्रॅकच्या मॅनेजरने सांगितलं की जाहिरातीचा करार तीन वर्षांचा आहे, माणूस हलणार नाही. पण त्याला एक दिवस झाकायचं असेल तर हरकत नाही, झाकण तुमचं. रविवारी सकाळी मिस्त्रींनी शिडी लावून त्याच्यावर डॉक्टरांच्याच गाडीचं कव्हर चढवलं आणि खालून दोरी बांधली. डॉक्टर आठ फेऱ्या मारून आले. दोन मिनिटं चार सेकंद.

"झाकलंय तरी?" मिस्त्री म्हणाले.

"झाकलंय, पण आत त्याचा हात वर आहे हे मला माहीत आहे ना," डॉक्टर म्हणाले. "उलट आता किती दुखतंय तेही दिसत नाही."

चार आठवडे उरले होते. उपाय मिस्त्रींनीच काढला. इंजिनात दोष नाही, पायात आहे, तर पायच रोलरवर चढवायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. रविवारी दुपारी दवाखाना बंद असताना ते येऊन खुर्चीवर आडवे झाले, चष्मा छातीवर ठेवला आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी ड्रिलची सुई काढून ठेवली, नुसतं यंत्र हवेत धरलं आणि पेडल दाबलं. गुर्र आवाज सुरू झाला. मिस्त्रींनी डावा हात वर केला.

आवाज बंद झाला.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.

पन्नासाव्या वेळेपर्यंत पाय तिळभर बदलला नव्हता. मिस्त्रींचा जबडा मात्र आखडला. "तुमची मागची दाढ किडली आहे," डॉक्टर मध्येच म्हणाले. मिस्त्रींनी तोंड उघडं ठेवूनच 'नंतर' अशी खूण केली, पण ती डाव्या हाताने केली, त्यामुळे आवाज पुन्हा बंद झाला आणि तीही वेळ मोजली गेली.

तेवढ्यात बायको विसरलेली किल्ली न्यायला आली. दारात उभी राहून तिने बघितलं: खुर्चीवर इंजिनवाला, हात वर, तोंड उघडं, नवरा त्याच्यावर वाकलेला, हातात बिनसुईचं ड्रिल.

"भाऊजी, काय झालं तुम्हाला?"

मिस्त्रींनी तिला तोंड न मिटता काहीतरी समजावून सांगितलं.

"पायाचा व्यायाम चाललाय," डॉक्टर म्हणाले.

"कोणाच्या?"

"माझ्या."

तिने किल्ली घेतली. जाताना पाटीकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि मुदत अजून संपलेली नसल्यामुळे चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या रविवारी दोनशे दहाव्या वेळी हात वर गेला आणि आवाज चालू राहिला. दोघांचाही विश्वास बसेना. मिस्त्रींनी हात खाली घेऊन पुन्हा वर केला. आवाज चालूच. मिस्त्री उठून बसले आणि डॉक्टरांचा हात हातात घेऊन हलवला. त्या क्षणी डॉक्टरांना खरोखर आनंद झाला होता. हे त्यांना पुढे फार आठवत राहिलं.

मंगळवारी घड्याळवाले काका आले. मनगटी घड्याळं दुरुस्त करणारे, बारीक आवाजाचे गृहस्थ. पूर्वी अकरा वर्षं ते कुठल्याच दातांच्या डॉक्टरकडे गेले नव्हते. या पाटीबद्दल कोणाकडून तरी ऐकून एकदा आले, खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाले, "खरंच थांबता?" आणि काही दुखत नसताना तीन वेळा हात वर करून बघितला. डॉक्टर तिन्ही वेळा थांबले होते. तेव्हापासून काका स्वतः तर येतच, पण आपल्यासारखे घाबरट शोधून शोधून घेऊन येत.

आज खालची दाढ होती. डॉक्टर वाकले, सुई दाढेला लागली. थोड्या वेळाने काकांचा डावा हात वर आला.

आवाज चालू राहिला.

किती वेळ, हे सांगायला डॉक्टरांना कुठल्या रेकॉर्डरची गरज नव्हती. सव्वा सेकंद. मग ते डोक्याने समजून थांबले, म्हणजे जगातले बाकीचे डॉक्टर थांबतात तसे.

"माफ करा काका," ते म्हणाले. "माझं लक्ष..."

"असू दे, असू दे," काका म्हणाले. चूळ भरली, पुन्हा मागे टेकले, तोंड उघडलं. आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये घालून गच्च धरून ठेवले. शेवटपर्यंत ते हात तिथून निघाले नाहीत. निघताना त्यांनी आभार मानले, पुढची तारीख घेतली, बायकोला तिच्या घड्याळाचा पट्टा सैल झाल्याचं सांगितलं. डॉक्टर हातमोजे न काढता तसेच स्टुलावर बसून होते.

शुक्रवारी ते गॅरेजमध्ये गेले. "मी परवा पाचव्या वळणावर पाय काढणार आहे," ते म्हणाले.

मिस्त्री बॉनेटमधून वर आले. "मुद्दाम?"

"मुद्दाम. गाडी गेली तर गेली. पाय परत यायला हवा."

"वहिनींना सांगितलंत?"

"नाही. तिला वाटेल मी तिच्यासाठी करतोय."

मिस्त्रींनी टर्बोवरून एकदा फडकं फिरवलं. "तुमची मर्जी," ते शेवटी म्हणाले. "हवा मात्र मी बरोबर भरून देतो. हरायचं तरी टायर सारखे असावेत."

शेवटच्या रविवारी बायकोसुद्धा ट्रॅकवर आली. हातात स्टॉपवॉच घेऊन ती कठड्याशी उभी राहिली. डॉक्टरांनी हेल्मेट घातलं, पट्टा ओढून दार लावलं आणि गाडी बाहेर काढली. पहिली फेरी टायर गरम करण्यात गेली. दुसऱ्या फेरीत चौथं वळण संपलं आणि समोर प्लायवूडचा माणूस उगवला. जबडा पसरलेला, हात वर.

'ऊठ,' डॉक्टर पायाला म्हणाले.

पाय उठला नाही.

गाडी वळणातून गोळीसारखी गेली आणि सरळ रस्त्यावर टर्बोने असा काही श्वास घेतला की डॉक्टरांचं डोकं सीटला चिकटलं. तिसऱ्या फेरीला त्यांनी लांबूनच पायाला सांगायला सुरुवात केली. समजावलं, दटावलं, घड्याळवाल्या काकांचे गुडघे डोळ्यांसमोर आणले. माणूस आला. पाय दगडासारखा बसून राहिला. चौथ्या फेरीला ते हेल्मेटमध्ये मोठ्याने बोलले. पाचव्या फेरीला त्यांनी काही सांगितलंच नाही, म्हटलं नाद सोडला तर कदाचित आपणहून उठेल. तेव्हाही नाही. दोनशे दहा वेळा शिकवलेलं तो जिवापाड पाळत होता.

एक मिनिट चोपन्न सेकंद.

होमिओपॅथांनी स्वतः त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं. टाइल्सवाल्या भावांनी पाठीवर थापा मारल्या. बायकोने स्टॉपवॉच त्यांच्यापुढे धरलं आणि हसली, अगदी मनापासून. "ठरलं होतं. गाडी राहिली," ती म्हणाली. "आता एवढा चेहरा का पडलाय तुझा?"

मिस्त्रींना माहीत होतं, पण ते टायरकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी पुढे गाडी विकायचा विचार करून पाहिला. गिऱ्हाईक लगेच मिळालं असतं. एवढं चांगलं इंजिन त्या ट्रॅकवर दुसरं नव्हतं. पण बिघडलेला भाग गाडीत नव्हता आणि गाडीबरोबर तो जाणारही नव्हता. मिस्त्री बिचारे पुन्हा दोन रविवार येऊन खुर्चीवर हात वर करून झोपले, उलटा धडा द्यायला. पाय ढिम्म. त्या निमित्ताने त्यांची दाढ तेवढी भरून झाली, आणि त्यांना दुखलं तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, तोंडाने ओरडले.

मग डॉक्टरांनी पेडल उचलून डाव्या पायाखाली ठेवलं. डाव्या पायाला कोणी काही शिकवलं नव्हतं. तो आठवडाभर प्लास्टरच्या दातांवर शिकत होता आणि कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलासारखा घाम फुटेपर्यंत चुकत होता. एका पेशंटला आता दुप्पट वेळ लागायचा. बाहेर लोक ताटकळायचे, बायको वहीत तारखा पुढे ढकलायची. गाडीबद्दल मात्र तिने चकार शब्द काढला नाही.

ठरल्या तारखेला घड्याळवाले काका आले. खुर्चीवर टेकले, तोंड उघडलं आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घातले.

डॉक्टरांनी डावा पाय दाबला. दहा सेकंदांनी आपणहून उचलला. "दुखतंय?"

काकांनी मान हलवून नाही म्हटलं.

पुन्हा दहा सेकंद. पुन्हा थांबले. काकांच्या कपाळावर घाम होता. "काका, दुखलं तर हात वर करा."

"नाही दुखत," काका म्हणाले. "झालं का?"

"नाही झालं."

"मग थांबलात का?"

डॉक्टरांनी भिंतीकडे बोट केलं. पाटी काकांच्या समोरच होती. "एकदा करून तर बघा," ते म्हणाले. "नुसतं बघायला. पहिल्या वेळी केलं होतंत तसं. मी थांबेन."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. दुकानात एखादं गिऱ्हाईक पाण्यात भिजलेलं घड्याळ घेऊन येतं आणि चालेल ना, चालेल ना म्हणत उभं राहतं, त्याच्याकडे ते बघत असतील तसं.

"राहू द्या डॉक्टर," ते समजुतीने म्हणाले. "तुम्ही तुमचं काम करा."

आणि गुडघे आणखी घट्ट जुळवून त्यांनी तोंड उघडलं.